ओल्या पुठ्ठ्याचा वास

माझा नवरा वाइन करायचा. हे वाक्य मला आमच्या नातेवाइकांत कधी सरळ बोलता आलं नाही. लग्न ठरत होतं तेव्हा आईने सगळ्यांना मुलगा 'फूड प्रोसेसिंग'मध्ये आहे असं सांगितलं होतं, आणि सासूबाई म्हणायच्या, "द्राक्षांच्या कंपनीत आहे." त्यात खोटं काही नव्हतं. नाशिकजवळच्या एका वाइनरीत तो सेलरमध्ये, वाइन आंबवायच्या-मुरवायच्या विभागात, काम करायचा. द्राक्षं यायच्या दिवसांत तो घरी आला की त्याची बोटं जांभळी असायची आणि केसांना आंबत असलेल्या रसाचा वास यायचा. एकदा मी त्याच्याबरोबर आत गेले होते. तो एकेका टाकीचं झाकण उघडून वाकायचा, श्वास घ्यायचा आणि आजारी माणसाची विचारपूस करावी तसा थोडा वेळ थांबायचा. मग पुढच्या टाकीकडे.

पुढे मला लंडनमध्ये एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं आणि आम्ही हाउन्सलोला आलो. त्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता. इंग्लंडमध्येही द्राक्षमळे आहेत, हे त्याला माहीत होतं. त्याने केंटमध्ये आणि ससेक्समध्ये अर्ज केले. दोघातिघांनी उत्तर दिलं, तेही सीझनला द्राक्षं तोडायला या एवढंच. शेवटी त्याने एअरपोर्टजवळच्या एका वेअरहाउसमध्ये काम धरलं. विमानात जेवण देतात त्या ट्रॉल्या भरायच्या. त्यात वाइनच्या वीतभर बाटल्याही असायच्या. "रोज शेकड्याने वाइन हाताळतो," असं तो मित्रांना फोनवर सांगायचा आणि हसायचा. फोन ठेवला की हसू संपायचं.

त्या आर्मेनियन उत्सवात आम्ही पोचलो ते चुकून. जूनमधला शनिवार होता. अ‍ॅक्टनला एका मैत्रिणीकडे बारसं होतं, म्हणून मी पैठणी नेसले होते. बस मध्येच थांबली आणि ड्रायव्हरने पुढचा रस्ता बंद असल्याचं सांगितलं. आम्ही उतरलो. पुढे चर्चच्या बाजूची एक छोटी गल्ली दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावून बंद केली होती. आत पांढरे तंबू, पताका, मांस भाजल्याचा धूर आणि कुठलं तरी लाकडी वाद्य, सनईपेक्षा खालच्या पट्टीतलं, दमलेल्या माणसासारखं वाजणारं. तोंडाशीच एक मुलगी काचेचा ग्लास आणि तो गळ्यात अडकवायची कापडी पिशवी विकत होती. ग्लास घ्यायचा आणि स्टॉलस्टॉलवर जाऊन चाखायचं, अशी रीत.

"बारशाला उशीर होईल," मी म्हणाले.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. ग्लास त्याने गळ्यात अडकवलाही होता.

गल्लीच्या अगदी टोकाला, मोठ्या इंपोर्टरांच्या रंगीत स्टॉलपासून लांब, एका घडीच्या टेबलामागे एक म्हातारी बाई बसली होती. काळा स्कर्ट, पुरुषी स्वेटर, केस मागे घट्ट बांधलेले. टेबलावर एकाच प्रकारची वाइन. तिच्या धाकट्या भावाची, त्याच्या डोंगरातल्या गावाहून आलेली. नवऱ्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा नाक ग्लासात घातलं. मग आत्मविश्वासाने म्हणाला, "ओकच्या पिंपात ठेवलीय. जुन्या पिंपात."

"नाही," बाई म्हणाली. "मातीच्या रांजणात. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या. आम्ही त्याला करास म्हणतो. आमच्या घरात पिंप कधी नव्हतं."

मला वाटलं, आता हा खट्टू होणार. तो मात्र हसायला लागला. इंग्लंडला आल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्याने दुसरा घोट मागितला, मग तिसरा. प्रत्येक घोटानंतर तो विचारायचा आणि ती सांगायची. देठ काढता का? नाही. रांजण आतून कशाने माखता? मेणाने. द्राक्षाचं नाव काय? खंदोग्नी. "आमच्या भाषेत त्या नावात हसणं आहे," ती म्हणाली. "हे द्राक्ष प्यायलं की माणूस हसतो म्हणे. जान, तू तर वास घेऊनच हसायला लागलास."

त्या 'जान'ने मी जरा चमकले. नंतर कळलं, आर्मेनियन लोक सगळ्यांनाच प्रेमाने जान म्हणतात. थोड्या वेळाने ती मलाही जान म्हणाली आणि पैठणीचा पदर हातात घेऊन मोर बघत राहिली. बारशाला आम्ही पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता.

त्यानंतर रविवारी सुटी असली की तो तिच्याकडे जायला लागला. ती अ‍ॅक्टनमध्येच रांगेतल्या एका घरात एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन मँचेस्टरला होती. मागच्या बागेत शेडवर चढवलेला एक वेल होता. त्याची द्राक्षं आंबट आणि कमी, म्हणून साउथॉलच्या घाऊक बाजारातून दोघं खोकी आणायचे आणि तिच्या किचनमध्ये काचेच्या मोठ्या बुधल्यांत वाइन घालायचे. ऑगस्टमध्ये चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळाल्याशिवाय ती द्राक्ष तोंडात घालायची नाही. तोही घालायचा नाही. मी कधी सुपरमार्केटमधून द्राक्षं आणली तर तो बाजूला ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, "आंटींचा आशीर्वाद अजून झाला नाही."

पुढच्या जूनमध्ये तो तिच्या टेबलामागे उभा होता. स्वच्छ पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात ग्लास. येणाऱ्याजाणाऱ्या इंग्रजांना तो त्या वाइनबद्दल सांगत होता. जर्दाळू, ओला दगड, डाळिंबाची साल, सगळं त्या घोटात कुठे कुठे आहे ते दाखवत होता. लोक थांबत होते. मी समोर पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होते. माझा नवरा उंच आहे हे मी विसरले होते. वेअरहाउसमधून येणारा माणूस कायम थोडा वाकलेला असायचा.

त्याच दुपारी म्हातारीने फोनवर व्हिडिओ लावून त्याला भावाशी बोलायला लावलं. भावाला इंग्रजी येत नव्हतं. ती मधे बसून दोघांचं बोलणं पोचवत होती. भावाची मुलं शहरात गेली होती आणि त्यांना मळ्यात परत यायचं नव्हतं. त्याचे गुडघे दुखत होते. रांजणात उतरून तो घासायचा असतो, ते आता त्याच्याने होत नव्हतं. शेवटी तो बराच वेळ काहीतरी बोलला आणि म्हातारीने एका वाक्यात सांगितलं, "तो म्हणतोय, पुढच्या वर्षी तोडणीला ये. आवडलं तर राहा."

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही बस स्टॉपवर उभे होतो, तेव्हा त्याने मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"राहा म्हणजे काय? किती दिवस?"

"तू रिमोट काम करू शकतेस. तिथे घरं स्वस्त असतात. मी बघून येतो आधी. एक तोडणी फक्त."

मी हो म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले. घरी आल्यावर आम्ही नकाशात ते गाव शोधलं. रशियन लिपीत नाव लिहिलेलं एक टिंब होतं, आजूबाजूला नुसते डोंगर. त्या उन्हाळ्यात तो आर्मेनियन शब्द पाठ करायचा. पाणी, द्राक्ष, पुरे, अजून. मी भाकरी थापत असले की माझ्या मागे उभा राहून म्हणायचा, आणि मी विचारलेलं सांगता आलं की खूश व्हायचा.

त्या हिवाळ्यात भावाच्या गावाकडे जाणारा एकुलता एक रस्ता बंद केला गेला. तिकडचं राजकारण मला तेव्हाही नीट कळत नव्हतं, आताही कळत नाही. एवढंच समजलं की आत माणसं आहेत आणि बाहेरून काही जात नाही, पीठ नाही, औषध नाही. म्हातारी म्हणायची, उघडेल, आमच्याकडे असं होतं. मार्चमध्येही म्हणाली, मेमध्येही. जूनच्या उत्सवात नवी वाइन नव्हतीच. मागच्या वर्षीच्या उरलेल्या बाटल्या टेबलावर मांडल्या. नवऱ्याने लोकांना सांगायचं तेच सांगितलं, पण थोडक्यात. बाटल्या दुपारीच संपल्या. एक तिने टेबलाखाली पिशवीत ठेवली होती, ती विकली नाही.

"ही तू परत आल्यावर उघडू," ती त्याला म्हणाली. त्याने सप्टेंबरची रजा मागून ठेवली होती. रस्ता उघडेल म्हणून.

सप्टेंबरमध्ये बाँब पडले आणि त्यानंतरच्या काही दिवसांत तो सगळा मुलूख रिकामा झाला. गावंच्या गावं गाड्यांत बसून निघाली. भाऊ, त्याची बायको आणि शेजारची एक आजारी बाई एका जुन्या गाडीत, डोंगरातल्या त्या रस्त्यावर रांगेत. नवरा त्या आठवड्यात कामावरून थेट म्हातारीकडे जायचा. ती किचनमध्ये फोन समोर ठेवून बसलेली असायची. तो चहा करायचा, भांडी घासायचा. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

भाऊ सीमेपलीकडे सुखरूप पोचला. एका गावात शाळेच्या हॉलमध्ये काही दिवस, मग भाड्याच्या खोल्यांत. पहिल्यांदा फोन लागला तेव्हा मीही तिथे होते. म्हातारी बोलत होती, रडत होती, आणि तो पलीकडून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"द्राक्षं वेलीवर होती म्हणतो," ती म्हणाली. "तोडायला घेतली नव्हती म्हणतो."

माझ्या नवऱ्याने रजा रद्द केली आणि त्या दिवसांत ओव्हरटाइम घेतला.

जानेवारीत त्याला ताप आला. साधाच, आठवडाभर खोकला. मग तो कामावर जायला लागला आणि मी ते विसरून गेले. नंतर एका संध्याकाळी मी ऑफिसची मीटिंग संपवून खोलीबाहेर आले तर घरभर धूर. गॅसवर फोडणीचं तेल जळून काळं झालं होतं, आणि तो तिथेच, दोन हातांवर, डायनिंग टेबलाशी कांदा चिरत बसला होता. पाठ गॅसकडे. मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"अरे, वास नाही आला तुला?"

तो कांदा चिरत राहिला. मग सुरी ठेवून म्हणाला, "ताप उतरल्यापासून येत नाहीये."

"म्हणजे कशाचाच नाही?"

"तुझ्या केसांचाही नाही," तो म्हणाला. तो असं काही सहसा बोलत नाही. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. घरात धूर भरला होता, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याच्यासाठी ती खोली नुसती धूसर होती.

जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, थांबायला सांगितलं. थांबलो. मग बऱ्याच महिन्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ मिळेल असं कळलं. तोवर त्यांनी घरी एक सराव करायला सांगितला होता. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, यांचे अर्क छोट्या बाटल्यांत ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायचा आणि तो वास मनात आठवायचा. तो खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचा. डोळे मिटायचा. मी आतून बघायची. लवंगेची बाटली नाकाशी धरली की त्याच्या कपाळावर आठी यायची, आठवायचा प्रयत्न केल्यासारखी, आणि मग ती आठी तशीच राहायची. मी कधी विचारलं नाही. विचारावं लागायचं नाही.

म्हातारीला त्याने सांगितलं नाही. मला म्हणाला, "तिच्यापुढे कशाला? तिचं काय गेलंय बघ. माझं तर नुसतं नाक." रविवारी तो जायचा, बुधल्यातली वाइन तिला चाखून दाखवायचा, काहीतरी बोलायचा. तिच्या घरच्या वाइनचे गुणदोष त्याला पाठ होते, त्यावर निभावून न्यायचा. पण त्याचं जाणं कमी होत गेलं, आणि तीही बोलावत नव्हती. भावाने बोलणं सोडलं होतं. भाड्याच्या खोलीत तो खिडकीशी बसून असतो, भावजय जेवायला हाक मारते तेव्हा उठतो, एवढंच ती सांगायची.

जून आला. गल्लीत पुन्हा पताका, तंबू, धूर. या वेळी गर्दी जास्त होती. कोपऱ्यावर एक डीजे होता आणि सेल्फी काढायला कागदाच्या द्राक्षांची कमान. पोरंपोरी करंगळीत करंगळी अडकवून गोल नाचत होती. म्हातारीने टेबल लावलं होतं, पण विकायला काही नव्हतं. टेबलावर पांढरा कपडा, पातळ लवाश रोट्यांची चळत आणि ती एक बाटली.

तिने आम्हाला बसवलं. बाटली स्वतः उघडली. नवऱ्याने हात पुढे केला, पण त्याला उघडू दिली नाही. बूच काढल्यावर ती जराशी थांबली. मग तीन ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि माझ्या नवऱ्याकडे वळली.

"तू सांग, जान. मला आता नीट कळत नाही. लोकांना सांगायचास तसं सांग."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने ग्लास फिरवला, उजेडात धरला, नाक आत घातलं. किती सराईतपणे. मग घोट घेऊन डोळे मिटले.

"जर्दाळू आहे," तो म्हणाला. "सुकवलेला. मागे डाळिंबाची साल. आणि सगळ्यात शेवटी पावसात भिजलेला दगड. गेल्या वर्षीपेक्षा मऊ झालीय. मेणाचा वास अजून आहे, अगदी हलका. रांजणाचा." तो बोलत गेला. त्याने त्या गावाचा उतार सांगितला, जो त्याने फोनवर पाहिला होता, आणि त्या उतारावरचं दुपारचं ऊन. असं छान बोलताना मी त्याला नाशिकलाही ऐकलं नव्हतं. म्हातारी मान खाली घालून ऐकत होती.

त्याचं बोलून संपलं. मग तिने त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"बूच खराब निघालंय, जान," ती म्हणाली. "उघडल्याबरोबर कळलं मला. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. दुसरं काही नाही."

मी माझा ग्लास नाकाशी नेला. मला वाइनमधलं काही कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. पावसात ठेवलेल्या खोक्यासारखा वास होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"जानेवारी."

"येईल परत?"

"माहीत नाही. नाही बहुतेक."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली, दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून हलवावी तशी. मग ग्लास आणि उरलेली बाटली घेऊन उठली, तंबूमागे गेली आणि रस्त्याच्या कडेच्या गटाराच्या जाळीवर सगळं ओतायला लागली. आपल्या गावची शेवटची वाइन. मी उठून तिच्या मागे गेले. ती म्हणाली, "ठीक आहे. आज नाही तर उद्या संपायचीच होती." आणि मग, जरा वेळाने, "तो फार छान बोलला. मला क्षणभर वाटलं की माझंच नाक चुकतंय."

परतताना बसमध्ये नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

त्या वर्षअखेरीस म्हातारीची मुलगी येऊन तिला मँचेस्टरला घेऊन गेली. घर विकलं. नव्या मालकाने शेड पाडलं, वेलही गेला असणार. जायच्या आधी तिने फोन केला तेव्हा नवरा शिफ्टला होता, मीच बोलले. भाऊ गेला, ती म्हणाली. आजारी नव्हता काही. सकाळी उठलाच नाही. तिथल्या सरकारी दफनभूमीत पुरला, ओळखीचं कुणी आसपास नाही. मी नवऱ्याला ते रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला?" नव्हता ठेवला. मी खोटं बोलू शकले असते, पण त्या बाटलीच्या दिवसानंतर आमच्या घरात तसलं काही बोलायची कुणाची हिंमत होत नाही.

डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी नळी घालून आत पाहिलं, नीट समजावलं, इतक्या काळानंतर फार आशा ठेवू नका म्हणाले. सहानुभूतीने म्हणाले. हुंगायच्या बाटल्या त्याने कपाटात ठेवल्या आणि मग कधीतरी त्या दिसेनाशा झाल्या. वेअरहाउसमध्ये त्याला सुपरव्हायजर केलं आहे. जेवायला बसला की तो विचारतो, "मसाला ठीक आहे ना?" माझ्या चेहऱ्याकडे बघून तो चव ठरवतो. मीही मग चेहरा जपून ठेवते.

या वर्षीच्या जूनमध्ये उत्सवाच्या शनिवारी त्याने शिफ्ट मागून घेतली. मी एकटी गेले, का गेले ते सांगता येणार नाही. गल्ली तुडुंब भरली होती. म्हातारीच्या जागी कॉफीची गाडी होती. मी एका रंगीत स्टॉलवर विचारलं, खंदोग्नी आहे का. तरुण विक्रेता जरा थांबला. "ती आता कुठून येणार?" असं इंग्रजीत म्हणाला आणि मला दुसऱ्या द्राक्षाची ओतून दिली. मी प्यायले. चांगली असावी.

गेल्या महिन्यात नाशिकहून त्याच्या जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांचे सेलरमास्टर निवृत्त होताहेत, ती जागा तुझ्यासाठी ठेवतो, येतोस का. नाशिकला असताना ज्या खुर्चीकडे तो बघायचा ती हीच. फोन स्पीकरवर होता. मी भाजी निवडत होते, माझे हात थांबले.

"नाही सर," तो म्हणाला. "इथे आता सगळं सेट झालंय. हिचीही नोकरी आहे."

साहेब थोडा वेळ आग्रह करत राहिले, मग द्राक्षांबद्दल, पावसाबद्दल बोलले. तो हं, हं करत राहिला. फोन ठेवल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बसला, मूठभर गवार ओढून घेतली आणि शिरा काढायला लागला.